‘पाणीवाली बाई’ : एका शब्दाची चिकित्सा

शहापूर तालुक्यातील डेंगणमाळ हे गाव २०१५ च्या सुमारास देशीविदेशी वृत्तपत्रांतून गाजले. पाणी वाहण्यासाठी येथील काही पुरुष दुसरी, क्वचित तिसरीही बायको करतात, असा तो वृत्तांत. या स्त्रीस ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळाले.

हा शब्दच तपासून पाहण्याजोगा आहे. दुसऱ्या बायकोसाठी मराठीत जुने शब्द आहेत. ‘सवत’ हा शब्द नवऱ्याच्या वाटणीचा. ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ हा भेद विधीचा व त्यामागून येणाऱ्या मानाचा. ‘पाणीवाली बाई’ यांपैकी कशातच बसत नाही. भाजीवाली, दूधवाला यांच्या पंक्तीतला हा शब्द नाते सांगत नाही, काम सांगतो. (शहरी कानाला तो मोलकरणीचाही वाटेल, पण मोलकरणीस पगार तरी असतो.)

या वृत्तांतावर दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक पक्ष पुरुषांच्या स्वैराचारावर बोट ठेवून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याकडे वळतो. आदिवासी पाड्यांचा विचार करताना तो कायदा अनुसूचित जमातींस सरसकट लागू नाही, हे त्याच्या ध्यानी राहत नाही. दुसरा पक्ष विधवेस वा टाकलेल्या स्त्रीस आसरा मिळाला, कुंकू मिळाले, यात समाधान मानतो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु हंडा हे बाईचेच काम, हे गृहीत दोघेही तसेच राहू देतात. पहिली बाळंतीण झाली, आजारी पडली, तर दुसरी बाई आणावी लागते. हंडा पुरुषाच्या खांद्यावर चढत नाही. ही श्रमविभागणी बहुपत्नीत्वाहून चिवट आहे. शहापूर-मुरबाडच्या एकपत्नीक घरांतही तीच नांदते. तेथे दुसरा हंडा मुलीच्या डोक्यावर येतो आणि शाळा बुडते.

‘दुष्काळी गाव’ हे विशेषणही असेच फसवे. या मुलखात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १८९२ सालचे तानसा धरण आणि नंतरचे भातसा, दोन्ही शहापुरातली. त्यांचे पाणी मुंबई पिते. मुरबाडच्या हद्दीत पसरलेला बारवीचा जलाशय कारखान्यांची व शहरांची तहान भागवितो. पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते.

या स्त्रीचा कुटुंबातील दर्जा ठरविण्यास हंड्यांची मोजदाद पुरेशी नाही. ज्या घराचे पाणी ती वर्षानुवर्षे भरते, त्या घराच्या सातबाऱ्यावर नवऱ्याच्या पश्चात तिचे नाव लागते काय, हे तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार नोंदींवरून पडताळता येण्यासारखे आहे.