कुलूप-किल्लीचा दाखला कुठवर पुरतो?

विकरे आणि औषधे यांचा विषय निघाला की कुलूप-किल्लीचा दाखला हमखास दिला जातो. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली तो विकरांसाठी वापरला आणि पाठ्यपुस्तकांनी तो कायमचा रुजवला. आता त्याला संगणकाची जोड मिळाली आहे. प्रथिनाची रचना पडद्यावर आणायची, तिच्यात चपखल बसणारा रेणू संगणकाने शोधायचा, की झाले औषध तयार! शिक्षकांपुढे बोलताना आम्हीही ही गोष्ट अशीच सांगत आलो. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "मग इतके रेणू औषध होण्याआधीच बाद का होतात?" या प्रश्नाला हा दाखला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून त्याची एकदा उलटतपासणी करू.

त्यासाठी या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरणच घेऊ. एड्सचा विषाणू एचआयव्ही आपली काही प्रथिने एका लांब साखळीच्या रूपात पेशीकडून बनवून घेतो. ही साखळी ठरावीक जागी कापणारे विकर म्हणजे प्रोटीएज. ते बंद पाडले तर नवे विषाणू अपक्व राहतात आणि त्यांच्यापासून संसर्ग होत नाही. १९८९ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने या विकराची रचना उलगडली. प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या, त्यांच्या सांध्यात कापण्याची जागा आणि तिच्यावर दोन लवचीक झडपा. डिसेंबर १९९५ मध्ये साक्विनाविर या पहिल्या प्रोटीएजरोधक औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे यश मोठे आहे, आणि त्यात रचनेच्या ज्ञानाचा वाटाही मोठा आहे.

परंतु गोष्टीचा उरलेला भाग सहसा सांगितला जात नाही. साक्विनाविरमागची मूळ कल्पना केवळ चित्र पाहून सुचलेली नव्हती. विकर बंध तोडत असताना मधल्या क्षणी रेणूची जी स्थिती होते तिची नक्कल करायची, हा रसायनशास्त्रातील जुना विचार तिच्यामागे होता. शिवाय तोंडावाटे घेतलेल्या साक्विनाविरपैकी सुमारे ४ टक्केच रक्तात पोचत असे. किल्ली कुलपात बसत होती. दारापर्यंत पोचत नव्हती. पुढे रिटोनाविर हे दुसरे प्रोटीएजरोधक औषध अल्प मात्रेत सोबत दिले जाऊ लागले. ते यकृतातील औषधे मोडणाऱ्या एका विकराला रोखते. म्हणजे गुण आला तो दुसऱ्याच प्रथिनाला आवर घातल्यामुळे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. झडपा आणि रोधक रेणू यांच्यामध्ये पाण्याचा एक रेणू अडकलेला असतो, हे रचनेवरून दिसले होते. त्या पाण्याची जागा स्वतःच घेणारे चक्रीय युरिया वर्गातील रेणू संशोधकांनी आखले. १९९४ साली प्रसिद्ध झालेले हे काम रचनाधारित आखणीचा नमुना मानले जाते. तरीही या कुळातील एकही रेणू औषध म्हणून बाजारात आला नाही. पहिल्याच रेणूची रक्तातील पातळी माणसामाणसांत फार वेगवेगळी निघाली.

शिवाय कुलूपही बदलते. या विषाणूच्या जनुकांची नक्कल होताना चुका होतात. प्रोटीएजमधील ८२ व्या जागी व्हॅलिनऐवजी लहान आकाराचे अ‍ॅलॅनिन आले, तर औषधाची पकड ढिली पडते. म्हणूनच रुग्णाला अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात.

ही उलटतपासणी आजच करण्याचे कारण आहे. अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने वर्तवलेल्या २० कोटींहून अधिक प्रथिनरचना २०२२ साली सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अंशतः या कामाला मिळाले. कुलपांच्या चित्रांचा असा सुकाळ झाल्यावर 'आता औषधे झटपट मिळतील' असे मथळे येणारच. कोणता रेणू आधी तपासावा, हे ही चित्रे सांगतात आणि त्यामुळे कष्ट वाचतात. तो आतड्यातून रक्तात जाईल का, यकृतात टिकेल का, इतरत्र अपाय करील का, हे मात्र प्रयोगशाळेत आणि शेवटी माणसांवरील चाचण्यांतच कळते.

मग दाखला टाकून द्यावा का? मुळीच नाही. त्याच्या मर्यादांसह तो शिकवावा. १९७१ साली सुरू झालेली प्रोटीन डेटा बँक सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिच्यातील '१एचएसजी' या क्रमांकाची नोंद वर्गात उघडून पाहावी. इंडिनाविर हे औषध प्रोटीएजमध्ये बसलेले दिसेल आणि त्याच्यावर दोन्ही झडपा मिटलेल्या दिसतील. मग विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : दार असे बंद आहे, तर औषध आत गेले कसे? त्यावर विचार करता करता प्रथिने हलतात, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.