मिश्र सभेपुढील गद्य

हरदास कीर्तनाला उभा राहिला म्हणजे त्याच्यासमोरच्या मंडळींत न्याय-वेदान्ताचे अध्ययन केलेला शास्त्री असे, दिवसाची उलाढाल मनात मोजीत बसलेला वाणी असे, शेतावरून परस्पर आलेला कुणबी असे आणि पोराला मांडीवर घेऊन खांबाच्या आडोशाला टेकलेली बाई असे. ह्या सर्वांना एकाच रात्री, एकाच अभंगाच्या आधारे, तृप्त करून घरी पाठविणे ही त्याच्या विद्येची परीक्षा मानली जाई. नारदीय कीर्तनातील पूर्वरंगाचे निरूपण आणि उत्तररंगाचे आख्यान ही विभागणी ह्याच गरजेतून दृढ झाली असावी असे मला वाटते. त्या सभेलाही एक कुंपण होते, आणि ज्यांना देवळाच्या ओवरीवर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्यांची गणना तीत झाली नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरून चालणार नाही. परंतु जमलेल्या श्रोत्यांपुरते पाहिले तर हरदासाला त्यांचे चेहरे दिसत असत, कोण पेंगतो आहे आणि कोणाचे डोळे पाणावले आहेत हे कळत असे, आणि त्याप्रमाणे त्याला आपले बोलणे आवरता किंवा पसरता येत असे. मुद्रणयंत्र आले आणि ही सोय संपली. लेखकाच्या पुढे कोरा कागद तेवढा उरला. तो कागद कोणाकोणाच्या हाती जाईल हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला नाही. भिन्न अधिकाराच्या, भिन्न हितसंबंधांच्या वाचकांना एकाच लेखाने बांधून ठेवण्याची जी कला ह्या अडचणीतून मराठीत निर्माण झाली, तिची आजची अवस्था काय आहे ह्याचा येथे विचार करावयाचा आहे.

आरंभीचा उपाय अगदी सरळ होता. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा पानाचे दोन उभे स्तंभ पाडून एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर देण्याची योजना त्यांनी केली. एतद्देशीयांना पश्चिमेकडील विद्या कळावी आणि राज्य करणाऱ्यांना एतद्देशीयांचे मनोगत कळावे असा हा दुहेरी हेतू होता. दोन वाचक, दोन स्तंभ, मध्ये एक रेघ. ही व्यवस्था प्रामाणिक होती. जे साहेबाला सांगावयाचे तेच रयतेला सांगावयाचे, आणि तेही दोघांच्या डोळ्यांदेखत, अशी जबाबदारी तिने संपादकावर टाकली. ‘ज्ञानोदय’, ‘इंदुप्रकाश’ आणि १८८८ साली निघालेले ‘सुधारक’ ह्या पत्रांनी द्वैभाषिक रीत कमीअधिक फरकाने पुढे चालविली. ‘सुधारका’ची मराठी बाजू आगरकरांकडे आणि इंग्रजी बाजू गोखल्यांकडे असे.

१८८१ च्या जानेवारीत पुण्याहून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, त्या वेळी ती मधली रेघ रुंदावून दोन स्वतंत्र पत्रे झाली. इंग्रजी पत्र सुशिक्षितांशी आणि सरकारशी बोले, मराठी पत्र आपल्या लोकांशी. ह्या विभागणीने ‘केसरी’च्या भाषेला जे बळ आले ते निर्विवाद आहे, चार माणसे जमवून एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे असे गद्य त्यातूनच घडले. पण लेखकाने वाचक वाटून घेतले म्हणून वाचक वाटले जात नाहीत. १२ मे १९०८ चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख मराठी जनतेसाठी लिहिलेले असले, तरी त्यांच्यावरचा निवाडा मुंबईच्या हायकोर्टात सात युरोपियन आणि दोन पारशी अशा नऊ ज्यूररांपुढे, इंग्रजी भाषांतराच्या आधारे झाला. ती भाषांतरे सदोष आहेत असा ‘केसरी’चे संपादक टिळक ह्यांचा आक्षेप होता, आणि त्यांच्या दीर्घ भाषणाचा बराच भाग मूळ लेख कोणत्या संदर्भात, कोणासाठी लिहिले हे उलगडण्यात खर्ची पडला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्या वाचकाचा विचार लेखकाने केलेला नसतो तोही एखाद्या दिवशी न्यायासनावर येऊन बसतो, हे त्या खटल्याने कायमचे सिद्ध करून ठेवले आहे.

वाचकांची वाटणी न करता एकाच ग्रंथात त्यांना एकत्र आणण्याचे साहस त्याआधीच जोतीराव फुल्यांनी केले होते. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला इंग्रजी प्रस्तावना आहे, अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना उद्देशून आहे, आणि आतला ग्रंथ मात्र धोंडीबा आणि जोतीराव ह्यांच्या रोखठोक मराठी संवादाचा आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ तर त्यांनी छापण्यापूर्वीच गावोगाव आणि शहरांतूनही वाचून दाखविला. ज्याचे दुःख लिहिले आहे त्याच्याच कानी तो ग्रंथ प्रथम पडावा आणि ज्याच्या हाती त्या दुःखाचा इलाज आहे त्या सरकारच्याही दृष्टीस तो पडावा, अशी ही रचना होती. जोतीरावांची वाक्ये व्याकरणाच्या तराजूत तोलून त्यांच्या गद्याला हिणविणाऱ्या टीकाकारांनी हा हेतूच लक्षात घेतला नाही, आणि मराठी समीक्षेचे त्यात फार मोठे नुकसान झाले.

ह्या परंपरेतील सर्वांत अवघड कामगिरी डॉ. आंबेडकरांच्या पत्रांनी पार पाडली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले ते शिरोभागी तुकारामांचा अभंग घेऊन. ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या घटनेनंतर अवघ्या पंधरवड्याने, ‘बहिष्कृत भारत’ निघाले ते ज्ञानेश्वरीतील ओव्या घेऊन. ह्या निवडीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या अस्पृश्य बांधवाला तुकोबा तोंडपाठ होते. पत्र वाचून दाखविणाऱ्याने शिरोभागाची ओळ उच्चारली की तो ऐकणारा आपल्याच माणसाचा आवाज ऐकत असे. सवर्ण वाचकाला तेच शब्द देवघरातून परिचित होते, आणि आपण ज्यांना पूज्य मानतो त्यांच्याच साक्षीने आपल्यावर फिर्याद दाखल झाली आहे हे त्याला पहिल्या पानावरच कळत असे. तिसरा वाचक म्हणजे सरकार. त्याच्यासाठी अग्रलेखात कायदा, हक्क आणि पुरावा ह्यांची अशी मांडणी असे की कोणत्याही कारकुनाला तिची नोंद फाइलीत घेणे भाग पडावे. एकाला धीर, दुसऱ्याला जाब आणि तिसऱ्याला अर्ज, हे तिन्ही एकाच परिच्छेदातून वाहत असूनही भाषेत कोठे सांधे दिसत नाहीत. तिघांपैकी मुख्य वाचक कोण ह्याविषयी लेखकाच्या मनात किंचितही संदिग्धता नव्हती, म्हणूनच हे साधले. ज्याने आपला एक वाचक पक्का केला आणि इतरही ऐकत आहेत ह्याचे भान क्षणभरही सोडले नाही, त्याचाच लेख सर्वांपर्यंत पोहोचतो. सर्वांना थोडे थोडे रुचेल असे बेताने लिहिणाऱ्याच्या लेखातून कोणीच काही घरी नेत नाही.

ह्या कसोटीवर १९३० नंतरच्या आपल्या लघुनिबंधाकडे पाहिले तर थोडे निराश व्हावे लागते. फडके, खांडेकर, काणेकर ह्यांचे शैलीवरचे प्रभुत्व मान्य करूनही म्हणावे लागते की त्यांचा निबंध शहरातल्या पांढरपेशा, सवड असलेल्या वाचकाशी इतक्या जवळिकीने बोलू लागला की दाराबाहेर आणखी कोणी उभे आहे ह्याची दखल घेण्याचे त्याला कारण उरले नाही. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीने ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ अशी तीन मासिके तीन प्रकारच्या वाचकांसाठी उभी केली. त्या मासिकांचे, विशेषतः ‘स्त्री’चे, समाजकार्य मोठे आहे, परंतु वाचकाला आधी वर्गात बसवावे आणि मग त्याच्याशी बोलावे ही सवय मराठी नियतकालिकांना तेथून लागली.

तरीही पुढील काळात लेखनाची दोन उदाहरणे अशी घडली की ज्यांनी ही कला पुन्हा पूर्ण तेजाने दाखविली. पहिले इरावती कर्व्यांचे. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा लेख मराठी घरांत ललित लेख म्हणून वाचला गेला, आणि दिनकर धोंडो कर्व्यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ ह्या विद्वानांच्या नियतकालिकात छापले गेले. हे कसे शक्य झाले? इरावतीबाई पालखीबरोबर पायी चालतात. बरोबरच्या बायकांच्या गप्पा, पावसाचा चिखल, अभंगांचा गजर हे सारे येते, आणि त्याच ओघात दिसते की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे शिजवितात, वेगळे जेवतात. ह्या वेगळेपणाची खंत त्यांना रोज वाटते; मराठा बायकांच्या पंक्तीला त्या जेवतात आणि त्या बायकांच्या वागण्यात झालेला बदल टिपतात. समाजशास्त्रज्ञाला ही निरीक्षणाची नोंद वाटते. वारकरी घरातल्या बाईला ती आपल्या मुक्कामाची आठवण वाटते. सोवळे पाळणाऱ्या वाचकाला तो आपल्यापुढे शांतपणे ठेवलेला प्रश्न वाटतो. मजकूर एकच आहे, आणि त्यात परिभाषेचा एकही अडसर नाही. ज्याचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, हा त्यांना वाटेत गवसलेला विचार प्राध्यापकाने उद्धृत करावा आणि टाळकऱ्याने मान डोलवावी इतका दोघांनाही आपला आहे.

दुसरे लेखन दया पवारांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन, १९७८ चे. येथे वाचकांतील अंतर नुसते ज्ञानाचे नव्हते, अपराध आणि अपमान ह्यांचे होते. पवारांनी निवेदनच दुभंगून टाकले: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार नावाच्या सुशिक्षित, नोकरदार माणसाला सांगतो. ही युक्ती निव्वळ चमत्कृतीची नाही. मुंबईच्या कावाखान्यातले दिवस, आईचे कष्ट, घरातली भांडणे हे दगडू ज्या मोकळेपणाने सांगतो तो मोकळेपणा अनोळखी पांढरपेशापुढे कधीच शक्य नव्हता. तो स्वतःच्याच दुसऱ्या अर्ध्यापुढे शक्य झाला, आणि पांढरपेशा वाचक त्या संभाषणाचा साक्षीदार झाला. त्याला उद्देशून एक शब्दही न बोलता त्याला जे सांगावयाचे ते सांगून झाले. आपले घरचे उघडे केले म्हणून लेखकाच्याच समाजातील काहींना हे पुस्तक बोचले, हे खरे. परंतु ते बोचणे हाही त्या वाचकांपर्यंत पुस्तक पोहोचल्याचा दाखला आहे. पुढील आत्मकथनांपैकी कित्येकांनी ह्या पुस्तकाचा विषय उचलला, त्याची ही रचना मात्र फार थोड्यांनी समजून घेतली.

अनिल अवचटांचे रिपोर्ताज ह्याच मालिकेत बसतात. पुण्याचे हमाल किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बाया ह्यांच्याविषयी लिहिताना ते ओझे किती, मजुरी किती, धूळ कोठे बसते हे इतके बारकाईने विचारतात की अजाण वाचकाला विषय कळतो आणि जाणत्या अधिकाऱ्याला पळवाट राहत नाही. छोटी वाक्ये, रोजची भाषा, आणि स्वतःला काही माहीत नाही असे धरून चालण्याची वृत्ती. ज्यांच्याविषयी लिहिले ते हमाल आणि त्या बाया ह्या लेखांच्या वाचक क्वचितच झाल्या असतील, एवढी एक उणीव मला जाणवते. जोतीरावांचा वाचून दाखविण्याचा पाठ येथे गिरविला गेला नाही.

आज वृत्तपत्राची पुरवणी उघडली की महिलांचे पान निराळे, तरुणांचे निराळे, गुंतवणूकदारांचे निराळे; शेतकऱ्यांसाठी तर २००५ पासून स्वतंत्र दैनिकच आहे. ज्या त्या वाचकाला हवी ती माहिती मिळते, हा लाभ मी कमी लेखत नाही. परंतु दुधाच्या दरावर लिहिणाऱ्या लेखकाला शहरातली दूध घेणारी गृहिणी आणि गावातला दूध घालणारा शेतकरी हे दोघे एकाच वेळी आपला लेख वाचत आहेत अशी कल्पनाच करण्याचे प्रयोजन राहिले नाही. त्यामुळे प्रत्येक पानावर अनुनय वाढला आहे आणि युक्तिवाद क्षीण झाला आहे. दिवाळी अंकांत अजून मिश्र वाचकवर्ग टिकून आहे, आणि उत्तम दीर्घ लेख अजून तेथेच सापडतात, हा योगायोग नाही.

ह्या कलेच्या अभावी किती मोठी हानी होते ह्याचे एक उदाहरण सह्याद्रीचे आहे. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला सादर केला. तो लोकांसमोर यायला पुढच्या वर्षाचा मे उजाडला, आणि आला तो इंग्रजीत. ग्रामसभांनी चर्चा करून निर्णय घ्यावेत हा ज्याचा गाभा, तो दस्तऐवज ग्रामसभेला वाचता येईना. त्या पोकळीत ज्याचे त्याचे म्हणणे शिरले: शेतकऱ्याला वाटले आपली शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही. गाडगीळांनी नंतर मराठीतून पुष्कळ आणि पोटतिडकीने लिहिले. पण पहिला वाचक तोवर भीतीने बिथरलेला होता. मंत्रालयातील सचिव, परिसरशास्त्रज्ञ, खाणमालक आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गचा बागायतदार ह्या चौघांना एकत्र बसवून वाचता येईल असे पंधरा पानांचे मराठी गद्य त्याच दिवशी अहवालाबरोबर निघाले असते, तर विरोध नाहीसा झाला असता असे मी म्हणत नाही. निदान तो अहवालात जे लिहिले आहे त्याला झाला असता.

तरीही त्याच सिंधुदुर्गातील काही ग्रामसभांनी आपले गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्यावे असे ठराव स्वतःहून केले. ग्रामसभेचा ठराव हा लेखनप्रकार समीक्षकांनी आजवर विचारात घेतलेला नाही. तो हात वर करणाऱ्या शेजाऱ्यांना पटावा लागतो, न पटलेल्यांसमोर मोठ्याने वाचावा लागतो, तहसीलदाराच्या दफ्तरी टिकावा लागतो आणि पुढे दिल्लीलाही समजावा लागतो. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी ह्या ठरावांच्या नकला मागवून घेऊन, त्यांतली वाक्ये कशी बांधली गेली आहेत, हे आता पाहावयास हवे.