लेन्सची चंची

पानसुपारीची चंची पाहिलेली माणसं मराठवाड्यात अजून आहेत. लाल खारव्याची नाहीतर जाड मांजरपाटाची, उलगडली की लांब होणारी, एकाखाली एक कप्पे असलेली, गुंडाळून नाडी आवळली की हातात मावणारी. पान एका कप्प्यात, सुपारी दुसऱ्यात, कात आणि तंबाखू वेगवेगळे, चुन्याची डबी आपल्या जागी. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या एका शिंप्याने याच घडणीची चंची मला कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी शिवून दिली आहे. ती माझ्या रोजच्या सॅकमध्ये असते, डबा, पाण्याची बाटली आणि कागदपत्रांच्या शेजारी. लहान लेन्स जवळ बाळगण्यासाठी याहून चांगली वस्तू मी हाताळलेली नाही. ती इतकी चांगली का, हे शिवणीशिवणीने पाहण्यासारखं आहे.

आधी तिच्यात काय राहतं ते सांगतो. दोनच लेन्स. एक कॅननची ५० मिलिमीटर, एफ १.८, २०१५ साली आलेली एसटीएम. वजन १६० ग्रॅम, व्यास ६९ मिलिमीटर, जाडी ३९. दुसरी २४ मिलिमीटर, एफ २.८, जिला फोटोग्राफर ‘पॅनकेक’ म्हणतात. तिची जाडी २३ मिलिमीटरही नाही आणि वजन १२५ ग्रॅम. दोन्ही मिळून तीनशे ग्रॅमच्या आत. बदनापूरच्या परिसरात एवढ्यात बरंच भागतं. इथल्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले. फुलोऱ्यातल्या तुरीत उभं राहायचं तर २४ची लेन्स फुलापासून वीतभर अंतरावरही फोकस धरते आणि मागे सगळं शिवार ठेवते. सोमठाण्याला रेणुकामातेच्या दर्शनाला आलेल्या माणसांचे चेहरे टिपायला ५०ची. देवळातल्या मंद उजेडात एफ १.८चं मोल कळतं.

या मुलखात छायाचित्रणाचं ओझं एके काळी केवढं होतं! अजिंठ्याची चित्रं रंगवून उतरवण्यात आयुष्य घालवलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी १८६०च्या दशकात याच भागात स्टिरिओ छायाचित्रं घेतली. तो काळ काचेच्या प्लेटांचा आणि रसायनांच्या बाटल्यांचा. १९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा लेन्ससकट कोटाच्या खिशात जाऊ लागला. लेन्स लहान झाल्या, तशा त्या कॅमेऱ्याच्या खास बॅगेतून सुटून माणसाच्या नेहमीच्या पिशवीत आल्या. पण नेहमीच्या पिशवीत किल्ल्या असतात, सुटे पैसे असतात, डब्यातलं तेल असतं. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

आता चंची उलगडू या. बाहेरून मांजरपाट. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि ते तूसही सोडतं, म्हणून तीनदा धुऊन मगच ते कापलं. आतून जुन्या सुती लुगड्याचं कापड. वर्षानुवर्षं धुतलं गेलेलं, त्यामुळे मऊ आणि तूस न सोडणारं. काचेजवळ ठेवायला नवं फलालीन बरेच जण सुचवतात, पण त्याचे बारीक धागे लेन्सच्या मागच्या बाजूला चिकटतात. दोन्हींच्या मध्ये त्याच लुगड्याचे पाच-सहा थर, आणि सगळ्यांतून गोधडीसारखा धावदोरा, बोटभर अंतराच्या ओळींत. या धावदोऱ्याचं मला फार कौतुक वाटतं. विकतच्या साध्या थैलीत स्पंज किंवा कापूस एका बाजूला सरकतो, खाली गोळा होतो, आणि नेमका कडेला नुसता कापडाचा पदर उरतो. इथे प्रत्येक थर जागच्या जागी शिवलेला असतो. किल्ली टोचली, बाटली आदळली, तरी मार कुठल्याही जागी सारख्याच जाडीवर पडतो.

कप्प्याचं माप हा शिंप्याच्या अकलेचा भाग. सपाट कापडात जाड, गोल वस्तू बसवायची तर नुसता व्यास मोजून चालत नाही. व्यास आणि जाडी यांची बेरीज धरावी लागते. ६९ आणि ३९ मिळून १०८ मिलिमीटर, त्यावर मागचीपुढची कॅप आणि थोडा सैलपणा. म्हणजे ५०च्या लेन्सला १३ सेंटिमीटर रुंदीचा कप्पा हवा. शिंप्याने टेप लावण्याआधी लेन्सभोवती सुतळी फिरवली आणि तिची निम्मी लांबी धरली. हिशेब तोच, फक्त आकडे न लिहिता केलेला. दोन कप्प्यांमध्ये त्याने दोन बोटं जागा बिनथराची सोडली. चंची तिथेच दुमडते. घडी घातल्यावर एका कप्प्याची पाठ दुसऱ्या कप्प्यावर येते, म्हणून एका लेन्सच्या आणि दुसऱ्या लेन्सच्या मध्ये सगळे थर दुपटीने येतात. दोन मागच्या कॅप पाठीला पाठ चिकटवून लेन्सची जोडी करण्याची युक्ती बऱ्याच ठिकाणी दिसते. कल्पना हुशारीची आहे, पण सॅकमध्ये त्या लांबोळ्या जोडीच्या एका टोकाला धक्का बसला की सगळा ताण मधल्या माउंटवर येतो. मला ती पटत नाही.

चंचीत मोठे कप्पे तीन आहेत आणि लेन्स दोन. कॅमेऱ्यावर एक चढलेली असली की दोन कप्पे मोकळे असतात. नसली तरी एक मोकळा असतोच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा कप्पा वाया गेलेला वाटतो, आणि माझ्या मते साऱ्या रचनेत तोच सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. लेन्स बदलताना हातात तीन गोष्टी येतात: कॅमेरा, उतरवलेली लेन्स, चढवायची लेन्स. हात दोनच. उतरवलेली लेन्स ठेवायला ठरलेली, झाकलेली, रिकामी जागा नसेल तर ती काखेत जाते, मांडीवर जाते, बांधावर जाते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिचा भुगा पिठासारखा बारीक असतो. बांधावर टेकवलेल्या लेन्सच्या माउंटला लागलेली ती भुकटी पुढे कॅमेऱ्याच्या आत जाते. मोकळा कप्पा असला की उतरवलेली आधी आत जाते, मग दुसरी बाहेर येते. पान लावणारे म्हातारे चंचीकडे न बघता बोटांनी कप्पा ओळखतात. त्यामागे प्रत्येक जिन्नस रोज त्याच जागी परत ठेवण्याची सवय असते. लेन्सच्या बाबतीतही नजर समोरच्या माणसावर आणि बोटं चंचीत, असं जमायला लागतं.

खाली दोन लहान कप्पे. एकात पुसण्याचं कापड आणि हवा मारायचा छोटा रबरी फुगा, दुसऱ्यात सुट्या कॅप. पुढची कॅप दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून निघते आणि पिशवीतल्या दाबानेही नेमकी तशीच निघते. कप्पा अंगाबरोबर असला तर ती निघाली तरी काचेवरच राहते. निकॉनच्या जुन्या लेन्स वापरणाऱ्यांनी मागच्या कॅपकडे जास्त लक्ष द्यावं. तिथे लेन्सची झडप (अ‍ॅपर्चर) हलवणारी धातूची पातळ दांडी असते आणि ती वाकली की एक्स्पोजर चुकतं. ५०च्या एसटीएमची खोड वेगळी. फोकस करताना तिचं नळकांडं पुढे येतं आणि कॅमेरा बंद असेल तर हाताने मागे जात नाही. म्हणून उतरवण्याआधी, कॅमेरा चालू असतानाच, ते आत घ्यावं आणि मगच लेन्स चंचीत घालावी.

चंचीला वेल्क्रो नाही, चेनही नाही. नुसती नाडी. वेल्क्रोचा आवाज कीर्तनात आणि शाळेच्या कार्यक्रमात सगळ्या माना आपल्याकडे वळवतो, शिवाय त्याचे काटे लुगड्याचे धागे ओढतात. चेनचे दाते लेन्सच्या अंगावर ओरखडे काढतात. नाडी दोन वेढे घेऊन सरकगाठीत बसते, एका हाताने सुटते, आणि तुटली तर रस्त्यात कुठेही नवी मिळते.

सॅकमध्ये चंची पाठीच्या बाजूला, मधोमध, कागदांना टेकून ठेवायची. तळाशी नाही, कारण सॅक खाली ठेवताना पहिला दणका तळाला बसतो. मोटारसायकलवर जाताना ती सॅक पाठीवरच हवी. डिक्कीत किंवा कॅरिअरला बांधली तर इंजिनाचा आणि खड्ड्यांचा हादरा थेट लेन्सला लागतो आणि बारीक स्क्रू ढिले होतात. पाठीवर असली की अर्धा हादरा अंग सोसतं. बंद डिक्की मे महिन्यात तापते ते वेगळंच. जुन्या लेन्समधलं ग्रीस अशा उष्णतेने पातळ होऊन झडपेच्या पात्यांवर उतरतं.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. धुळीच्या जागी ओल येते, आणि ओलीबरोबर बुरशी. बोटांच्या ठशांतलं तेल, धाग्यांचे कण यांवर ती पोसते आणि वाढताना सोडलेल्या आम्लाने काचेवरचा लेप खाते. या बाबतीत कापड फोमच्या बॅगेपेक्षा सरस आहे, पण एका अटीवर: घरी आल्यावर चंची पूर्ण उलगडायची, लेन्स बाहेर काढायच्या, ऊन असेल तर कापड उन्हात टाकायचं. गुंडाळलेली ओली चंची रात्रभर राहिली तर तेच कापड ओल धरून ठेवतं. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवाव्यात. जालन्याला हे नव्याने सांगायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांचा आहे, आणि बियाणं कोरडं राखण्यातच त्याची उगवणशक्ती टिकते हे इथे घरोघरी माहीत आहे. जेल नारिंगी घ्यावी. निळीत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ती स्वयंपाकघरात तापवून सुकवणं योग्य नाही.

चंचीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ७०-२०० सारखी जड लेन्स तिच्यात घालू नये, तिला ताठ भिंतीची बॅगच लागते. गर्दीच्या एसटीत सॅकवर कोणी बसलं तर गोधडीचे थर पुरणार नाहीत. तिथे सॅक मांडीवर घ्यावी. मुसळधार पावसात बाहेरून प्लास्टिकची पिशवी हवीच. कंबरेच्या उंचीवरून फरशीवर पडलेली लेन्स वाचेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण रोजचे धक्के, किल्ल्यांचे ओरखडे, धूळ आणि हाताशी असण्याची सोय, एवढ्या चार गोष्टींत मी पाहिलेल्या विकतच्या थैल्यांत हिच्या तोडीची एकही नाही.

तुमच्या घरात आजोबांची चंची कुठे पेटीत असेल तर ती लेन्ससाठी वापरू नका. तंबाखूचा आणि चुन्याचा अंश कापडातून सहसा जात नाही, आणि चुना काचेला वाईट. ती उलगडा, कप्प्यांची मापं आणि घडीच्या जागा कागदावर उतरवा, आणि तो कागद, लेन्स व एक जुनं सुती लुगडं घेऊन जवळच्या शिंप्याकडे जा.