खापर, प्लास्टर, सिमेंट : शिल्प शिकणाऱ्याच्या हातातले माध्यम

नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटावर १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या पोटात एक मोठी दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान ब्राँझमूर्ती बसवलेल्या होत्या, मैत्रेयासह आठ बुद्धांच्या.

कला महाविद्यालयात शिल्प शिकणाऱ्या मुलाला माध्यमांची जी उतरंड शिकवली जाते, तिच्याशी हे ताडून पाहावे. तिथे माती सर्वांत खाली. ती कच्ची, आज करावी आणि उद्या मोडावी. तिच्यावर प्लास्टर, मग फायबर, मग दगड आणि शिखरावर ब्राँझ. सोपाऱ्याच्या कारागिरांनी ती उलटी रचली : सोने झाले वेष्टन आणि खापर झाले गाभा. तिथे प्रश्न श्रद्धेचा होता, शिल्पाचा नव्हता, हे कबूल. तरी माध्यमाची किंमत बाजारभावाने ठरत नाही ही जाण वसईच्या मातीत इतकी जुनी असताना आपली मुले मात्र ‘सध्या प्लास्टरमध्ये केलंय, जमलं तर ब्राँझ करू’ असे अजिजीने सांगतात. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांतून हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते, की त्याचा उगम शोधावासा वाटला.

तो शोधताना पहिले नाव येते गणपतराव म्हात्रे यांचे. १८९६ साली सर ज. जी. कलाशाळेत शिकत असताना, विशीच्या आतबाहेरच्या वयात, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ केली. नऊवारीतली, पूजेला निघालेली तरुणी. माध्यम प्लास्टर ऑफ पॅरिस. सर जॉर्ज बर्डवुड यांनी तिची स्तुती केली, रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत तिच्यावर लेख लिहिला. विद्यार्थ्याच्या कामाला एवढे भाग्य आपल्याकडे क्वचितच लाभले असेल. चर्चा बहुतेक एका प्रश्नाभोवती फिरली : ही बाई भारतीय की हिचा बांधा ग्रीक? प्लास्टरबद्दल बोलायचे फारसे कोणाच्या मनात आले नाही. दूरच्या वाचकांपर्यंत ती छायाचित्रातून पोहोचली आणि छायाचित्रात प्लास्टर संगमरवरासारखेच दिसते.

माझ्या मते त्या ग्रीक बांध्याचे उत्तर प्लास्टरमध्येच आहे. त्या काळी कलाशाळेत रेखांकनाची तालीम होत असे ती ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून. कागद, कोळसा आणि समोर तो पांढरा, रंगहीन, एका बाजूने उजेड घेतलेला पुतळा. अशा शेकडो तासांनंतर मुलाच्या डोळ्याला छाया-प्रकाशाचे भान येते ते प्लास्टरच्याच पृष्ठभागावरून. म्हणून म्हात्र्यांसाठी प्लास्टर ही संगमरवराकडे जाणारी पायरी नव्हती. ज्यावरून चित्र काढायला शिकलो त्याच पदार्थात स्वतःची बाई उभी करणे, हेच त्या प्रयोगाचे मर्म. नऊवारीच्या चुण्या पाहा. त्या अंगावरून ओघळतात त्यापेक्षा अंगावर रेखलेल्या वाटतात. पेन्सिलीने काढलेली रेघ उंचावून कड झाली आहे. समोरून मूर्ती बोलते, मागे गेले की तिचे बोलणे कमी होते. हा दोष आहेच. पण चित्रकाराच्या डोळ्याने शिल्पाकडे आलेल्या मुलाचा तो प्रामाणिक दोष आहे, आणि पुढे म्हात्र्यांनी मागणीबरहुकूम केलेल्या संस्थानिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या सफाईदार पुतळ्यांपेक्षा मला तो जवळचा वाटतो.

(प्लास्टरचे नशीब मात्र विचित्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वे आल्यापासून ‘पीओपी’ हा शब्द गुन्हेगाराच्या नावासारखा उच्चारला जातो. पाण्यात न विरघळणे हा गुण कलाशाळेत उपयोगाचा, विसर्जनाच्या दिवशी नडणारा.)

दुसरे उदाहरण विनायक पांडुरंग करमरकर यांचे, आणि वसईच्या मुलाला ते अधिक आपले वाटावे. अलिबागजवळचे सासवणे हेही आपल्यासारखेच समुद्रकाठचे गाव. घरात गणपती करण्याची परंपरा, म्हणजे मातीत हात लहानपणापासून. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले. ते चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या कलाशाळेत धाडले. पुढे कोलकाता, लंडन आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला ब्राँझचा अश्वारूढ शिवाजी.

भिंतीवरचा घोडा ब्राँझमध्ये उतरला, असा हा सरळ चढता आलेख चरित्रकारांना आवडतो. मला त्याचा पुढचा उतार महत्त्वाचा वाटतो. सासवण्याच्या घरी, आता शिल्पालय झालेल्या जागेत, करमरकरांनी सिमेंटमध्ये काम केले. आवारातली म्हैस खरी समजून पाहुणे फसतात, असे कौतुकाने सांगितले जाते. या कौतुकाने म्हशीवर अन्यायच होतो. हुबेहूबपणा ब्राँझमध्येही साधला असता, पण ब्राँझ चकाकते, त्याला उजेडाशी खेळायची खोड असते. सिमेंट उजेड गिळते. त्यात बारीक नक्षी टिकत नाही, वाळूचा कण वर दिसतो, आकार मोठा आणि सलग ठेवावा लागतो. म्हशीच्या कातडीला, तिच्या सुस्त वजनाला नेमके हेच हवे. शिवाय ताज्या सिमेंटवर पाणी मारत राहावे लागते आणि म्हशीलाही पाण्यात डुंबल्याशिवाय चैन पडत नाही. हा योगायोग शिल्पकाराच्या ध्यानात आला नसेल असे मला वाटत नाही.

स्वस्त म्हणून सिमेंट घेतले की आवडले म्हणून? दोन्ही असू शकते, आणि त्याने बिघडत नाही. ब्राँझच्या पुतळ्यामागे समिती असते, वर्गणी असते, उद्‌घाटनाची तारीख असते. घरच्या म्हशीला कोणाची मंजुरी लागत नाही. अश्वारूढ पुतळ्याचा मान मोठा, यात वाद नाही. पण प्रयोग करणारा करमरकर मला पुण्यापेक्षा सासवण्यात भेटतो.

आता आपल्या मुलांकडे वळू. शाळेतल्या शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, सगळ्या कागदावर. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. मातीला बोट न लावता मूल ‘ए’ श्रेणी घेऊन बाहेर पडते. पुढे महाविद्यालयात चित्रकला एका दालनात, शिल्पकला दुसऱ्या. म्हात्रे आणि करमरकर दोघेही रेषेच्या वाटेने शिल्पापर्यंत आले होते. त्या दोन दालनांमधली भिंत अजून तितकीच जाड आहे.

वसईत तर ही भिंत परकीच आहे. इथल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघाली म्हणजे काम संपत नाही. रंग चढतो, शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि आखणी करणाऱ्याचा मान साचा करणाऱ्याहून कमी नसतो. चर्चमध्ये जावे तर संतांच्या मूर्ती रंगवलेल्या, गालांवर लाली, झग्याला सोनेरी काठ. म्हणजे हिंदू घर असो की ख्रिस्ती, वसईच्या मुलाने पाहिलेले पहिले शिल्प रंगीतच असते. शिल्प पांढरे किंवा काळपट असावे, हे त्याला पुढे महाविद्यालयात कळते आणि मग तो शाळेपासून आवडलेला रंग जरा लाजून बाजूला ठेवतो.

विरारमध्ये दर दोन इमारतींमागे वाळू-सिमेंटचा ढीग पडलेला असतो. करमरकरांना जे माध्यम पुरले, ते इथे रस्त्यावर आहे. त्यात म्हशीऐवजी कोणता आकार मावेल, आणि त्यावर रंग धरेल का, हे कोणा विद्यार्थ्याने करून पाहिले तर ते प्रदर्शन बघायला मी पहिल्या दिवशी जाईन. तोवर सोपाऱ्याचा करंडक पाहायचा तर विरार-चर्चगेट लोकल धरावी लागते : सोपाऱ्यातली ती चीजवस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, खापराच्या तुकड्यांसकट.