दोन चित्रे आणि एक भाकर

व्हॅटिकन राजवाड्यातील रॅफेलची भित्तिचित्रे आपल्याकडील रसिकांस छापील प्रतींतून परिचित आहेत. त्यांतील ‘अथेन्सचे विद्यापीठ’ या चित्राची जितकी वाखाणणी होते, तितकी समोरच्याच भिंतीवरील ‘दिस्पुता’ची होत नाही. याचे कारण चित्रात नसून आपणां प्रेक्षकांत आहे, असे आम्हांस वाटते. ग्रीक तत्त्वज्ञ आपल्याला ओळखीचे वाटतात; भाकरीच्या चकतीची पूजा मात्र परकी वाटते.

१५०९-१० च्या सुमारास रंगविलेल्या या चित्रात वर स्वर्ग आहे, खाली पृथ्वी. वर पिता, त्याखाली ख्रिस्त, त्याखाली कपोतरूपी पवित्र आत्मा. आणि त्याच उभ्या रेषेत खाली, वेदीवरील सोनेरी पात्रात, मिस्साविधीतील पांढरी चकती. भोवती ग्रेगरी, जेरोम, अँब्रोज व ऑगस्टिन हे आचार्य. गर्दीत दान्तेही आहे. फरशीच्या रेषा त्या चकतीकडेच धावतात. आणि तरीही चकती केवळ चकती आहे! तिच्यातून ना ज्योत निघते, ना कोणाचे मुख डोकावते.

आपण येथे मूर्तिपूजेचा दाखला देऊन मोकळे होतो. पण तो पुरता लागू पडत नाही. मूर्तीत आपण देवतेचे आवाहन करतो. पाषाण पाषाणच राहतो. कॅथॉलिक सिद्धान्त याच्या उलट आहे. अभिमंत्रणानंतर भाकरीचे तत्त्वच पालटून ख्रिस्त होते. रंग, रुची, आकार तेवढे भाकरीचे उरतात. म्हणूनच ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये ईश्वरास योग्य अशीच पूजा तिला द्यावी, असे ठरविले. त्यांच्या दृष्टीने ती भाकरीची पूजा नव्हेच.

रॅफेलनेच १५१२ च्या सुमारास शेजारच्या दालनात ‘बोल्सेनाची मिस्सा’ रंगविली. १२६३ साली एका साशंक धर्मगुरूच्या हातातील चकतीतून रक्त पाझरले, अशी ती आख्यायिका. रंगांच्या दृष्टीने हे चित्र अधिक संपन्न आहे, हे आम्ही मान्य करतो. तथापि येथे शंकेचे उत्तर डोळ्यांना मिळते. आणि जे डोळ्यांना दिसले, त्यासाठी श्रद्धेची गरज ती काय उरली? ‘दिस्पुता’तील चित्रकार असा पुरावा देत नाही. डोळ्यांनी भाकरच पाहावी आणि बुद्धीने त्यापलीकडे जावे, हा सिद्धान्ताचा अवघड भाग त्याने तसाच अवघड ठेवला आहे.

बदलीच्या गावी शेजारचा कॅथॉलिक गृहस्थ त्या चकतीपुढे गुडघे टेकताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची श्रद्धा आपण स्वीकारावी, असे आम्ही म्हणत नाही. पण तो कशापुढे वाकतो हे नीट समजून घेतल्यावाचून त्याला भोळा ठरविणे हा अन्याय होय. तो टाळण्यास हे चित्र साहाय्य करते, हेच आमच्या मते त्याचे थोरपण.