आटोपशीर झुडूप : गुण की माप?
(क्रेप मर्टलच्या संकरित वाणांच्या निमित्ताने)

उद्यानविद्येत अलीकडे एक विशेषण फार सैलपणे वापरले जाऊ लागले आहे. ते म्हणजे ‘आटोपशीर’. घराभोवतीची जागा आक्रसली, बंगल्याच्या अंगणाची गच्ची झाली, रस्त्याच्या दुभाजकाला हिरवळ हवीशी वाटू लागली. आणि या सर्व ठिकाणी फुलेल परंतु वाढणार नाही अशा झुडुपाची मागणी उत्पन्न झाली. मागणीत गैर काही नाही. परंतु ती पुरविण्यासाठी निर्माण केलेल्या वाणांचे परीक्षण कोणत्या कसोट्यांवर करावयाचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे विचारण्याचा प्रयत्न आहे. उदाहरण अमेरिकेतील असले, तरी वनस्पतीचे कुल आपल्या परिचयाचे आहे. मेंदी आणि धायटी ज्या कुलातील, त्याच कुलातील ही प्रजाती. आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प जे ताम्हण, ते या प्रजातीतीलच.

क्रेप मर्टल, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात जिला सावनी म्हणतात ती ‘लॅगरस्ट्रोमिया इंडिका’, हिचे शास्त्रीय नाव दोन्ही अंगांनी थोडे फसवे आहे. प्रजातीचे नाव लिनीयसने १७५९ मध्ये स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या माग्नुस फॉन लागरस्ट्रोम या संचालकावरून ठेवले. त्या गृहस्थाची वनस्पतिशास्त्राची सेवा म्हणजे लिनीयसला नमुने मिळवून देणे. आणि ‘इंडिका’ म्हटले, तरी या जातीचे मूळ घर मुख्यतः चीनकडचे मानले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिसंग्राहकाने ती अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना प्रांतात नेली असे सांगतात. उन्हाळा कडक आणि लांब असला की ही वनस्पती खुलते. अमेरिकेच्या दक्षिणेत ती इतकी रुळली की तेथील लोक तिला परकी मानीतच नाहीत.

पण तिच्यात दोन दोष होते. पहिला भुरीचा. दमट हवेत पाने, कळ्या व कोवळे शेंडे पांढुरक्या बुरशीने माखतात आणि कळ्या उमलण्यापूर्वीच वाळून जातात. दुसरा दोष वनस्पतीचा की माणसाचा, हे सांगणे कठीण. पंधरा-वीस फूट वाढणारे झाड लोक खिडकीखाली लावीत, आणि ते खिडकी झाकू लागले की दर हिवाळ्यात करवतीने खांद्यापर्यंत छाटून टाकीत. क्रेप मर्टलची फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येतात. त्यामुळे कितीही निर्दयपणे छाटले तरी फुले यावयाची ती येतातच, आणि छाटणाऱ्याला आपले काही चुकले असे कधी वाटत नाही. वर्षानुवर्षे एकाच जागी छाटलेल्या फांद्यांच्या टोकांना गाठी येतात, त्यांतून छडीसारखे बारीक फुटवे निघतात, आणि फुलोऱ्याच्या भाराने ते पावसात जमिनीकडे लोंबतात. अमेरिकेतील जाणत्या माळ्यांनी या प्रकाराला ‘खून’ असेच नाव दिले आहे. ते अतिशयोक्त असले तरी अन्यायाचे नाही.

या पार्श्वभूमीवर वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानातील डॉनल्ड ईगॉल्फ यांचे कार्य पाहावे लागते. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी प्रथम इंडिका या एकाच जातीतून निवड करून काही वाण प्रसिद्ध केले. परंतु त्यांच्या कामाला खरे वळण लागले ते दुसऱ्या एका जातीमुळे. १९५६ मध्ये जॉन क्रीच यांनी जपानच्या यकुशिमा बेटावरून ‘लॅगरस्ट्रोमिया फॉरिआय’ हिचे बी आणले होते. हिची फुले लहान व पांढरी. बागवानाच्या दृष्टीला ती सामान्यच वाटावीत. पण भुरी हिला सहसा बाधत नाही, आणि खोडाची साल पापुद्र्यांनी सुटून आत दालचिनीसारखा तांबूस-तपकिरी रंग उघडा पडतो. रंगासाठी इंडिका, आरोग्यासाठी व सालीसाठी फॉरिआय, असा हा योग होता. दोन्ही जातींत गुणसूत्रांची संख्या ४८ असल्याने संकरात मोठा अडथळा नव्हता.

अडथळा होता तो कष्टांचा. इंडिकाच्या फुलात पुंकेसर दोन प्रकारचे असतात : मध्यभागी आखूड, पिवळ्या परागकोशांचा दाट झुबका, आणि बाहेर सहा लांब, वाकलेले केसर. पिवळे परागकण मधमाश्यांच्या भक्ष्यासाठी. त्या ते गोळा करीत असता बाहेरील सहांचे पराग नकळत त्यांच्या अंगाला लागून पुढच्या फुलाकडे जातात. संकर करणाऱ्याने फूल उमलताच, माश्या येण्यापूर्वी, हे सर्व केसर चिमट्याने काढावयाचे, परके पराग लावावयाचे, आणि पुन्हा दुसऱ्या फुलाकडे वळावयाचे. एका फुलातून मिळणाऱ्या थोड्याशा बियांतील बहुतेक रोपे शेवटी फेकूनच द्यावयाची असतात. हे काम ईगॉल्फ यांनी १९९० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालविले. १९७८ मध्ये ‘नॅचेझ’ आणि ‘मस्कोगी’ हे संकरित वाण प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये ‘अकोमा’, ‘होपी’, ‘पेकोस’ व ‘झूनी’ हे मध्यम उंचीचे. आणि त्यांच्या पश्चात, १९९० नंतरच्या दशकात, ‘चिकासॉ’ व ‘पोकोमोक’ हे अगदी ठेंगणे. पैकी बहुतेक नावे अमेरिकेतील आदिवासी जमातींची आहेत. १८३० च्या कायद्यान्वये ज्या प्रदेशातून मस्कोगी व चिकासॉ लोकांना हुसकून लावण्यात आले, त्याच प्रदेशातील अंगणांत आज त्यांच्या नावाची झुडुपे फुलतात. नाव ठेवणाराच्या मनात आदर होता याबद्दल शंका नाही. वाचणाराला मात्र क्षणभर थांबावे लागते.

भुरीला दाद न देणारी, शंभर दिवसांच्या आसपास फुलणारी, आणि पाने गळाल्यावरही सालीमुळे प्रेक्षणीय राहणारी झाडे या कार्यक्रमाने दिली. हे यश निर्विवाद आहे. माझा आक्षेप आहे तो या वाणांच्या ‘आटोपशीरपणा’ची जी मोजदाद झाली तिच्यावर, आणि त्या मोजदादीवर नंतरच्यांनी जी इमारत उभारली तिच्यावर.

‘नॅचेझ’चेच पाहा. ‘पिंक लेस’ या गुलाबी वाणाचा फॉरिआयशी झालेल्या संकराचे हे शुभ्र फुलांचे अपत्य. याची उंची सुमारे २० फूट अशी नोंदली गेली, आणि रोपवाटिकांच्या पत्रकांतून तीच कायम झाली. ती नोंद खोटी नव्हती. पण ती सुमारे सात वर्षांच्या झाडाची होती. झाड सात वर्षांनी वाढायचे थांबत नाही. जुनी ‘नॅचेझ’ आज ३० फुटांवर गेलेली आढळतात, आणि वीस फुटांचा भरवसा धरून लावलेल्या त्या झाडांवर पुन्हा करवत चालते. म्हणजे ज्या छाटणीपासून झाडाला वाचवावयाचे होते, तीच वयाचा उल्लेख गाळल्यामुळे परत आली.

हा दोष व्यक्तीचा नाही. तो या वनस्पतीच्या स्वभावातच दडलेला आहे. क्रेप मर्टलची रोपे बी पेरल्यापासून पहिल्याच हंगामात फुलू शकतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या संकरावर काम करणाऱ्याला हे वरदान वाटेल. फुलाचा रंग, तुऱ्याचा आकार, पाकळीची चुणी, सर्व काही वर्षभरात कळते. परंतु उंची, विस्तार, फांद्यांचा कोन आणि खोडाची साल हे गुण आपल्या सवडीने प्रकट होतात. साल तर बहुधा तीन-चार वर्षांनी सुटू लागते. त्यामुळे निवड करणाऱ्याच्या हाती लवकर येणारे गुण आणि उशिरा येणारे गुण यांत एक तफावत पडते, आणि जो गुण लवकर दिसतो त्याच्याकडे झुकण्याचा मोह होतो. ‘चिकासॉ’ व ‘पोकोमोक’ यांच्या बाबतीत ही काळजी घेतलेली दिसते : सात-आठ वर्षांच्या रोपांची उंची २० इंचांच्या आसपास, असे वयासकट सांगितले आहे. एवढ्या वर्षांनंतर गुडघ्याइतके राहिलेले झुडूप पुढे एकाएकी वृक्ष होईल अशी भीती नाही. पण बाजारातील पुष्कळ नव्या ‘आटोपशीर’ वाणांबद्दल पत्रकांत उंचीचा आकडा असतो आणि वय नसते. वयावाचून उंची म्हणजे तारखेवाचून हुंडी होय.

यातच दुसरी एक गोष्ट मिसळते. कुंडीतील रोपे विक्रीपूर्वी गुटगुटीत दिसावीत म्हणून वाढरोधक रसायने देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्याकडे कोकणातील हापूसच्या बागायतदारांना परिचित असलेले पॅक्लोब्युट्राझोल हे त्यांपैकीच. जिबरेलिन नावाचे वाढीचे द्रव्य तयार होण्याच्या क्रियेत ते अडथळा आणते, पेरी आखूड पडतात, रोप दाट दिसते. आणि जमिनीत लावल्यावर काही काळाने त्याचा अंमल ओसरतो. गिऱ्हाइकाने जे पाहून पैसे मोजले ते वाणाचे रूप की औषधाचे, हे सांगण्यास दुकानात कोणी नसते.

आता ‘आटोपशीर’ या शब्दाकडे वळू. मराठीत याच्या शेजारी दोन शब्द उभे आहेत, ठेंगणे आणि खुजे. तिघांचे अर्थ एक नाहीत. ठेंगणेपणा हे माप आहे. खुजेपणात वाढ खुंटल्याची सूचना आहे. आटोपशीरपणा मात्र प्रमाणाचा गुण आहे : पेऱ्यांची लांबी, फांद्यांची दाटी, पानांचा आकार आणि फुलोऱ्याचा भार हे एकमेकांना शोभतील अशा रीतीने उतरलेले असणे. पेरी आखूड झाली आणि तुरा मात्र पूर्वीइतकाच मोठा राहिला, तर झुडूप ठेंगणे होते, आटोपशीर होत नाही. पहिल्या पावसातच ते डोके टेकते. ‘अकोमा’ उंचीइतकेच रुंद पसरते आणि त्याच्या फांद्या किंचित झुकलेल्या असतात. ते दहा फूट उंच असूनही मी त्याला आटोपशीर म्हणेन, कारण त्याच्या झुकण्यात तोल आहे. याच्या उलट, ईगॉल्फ यांनी फॉरिआयकडून मोठ्या परिश्रमाने मिळविलेली जी साल, ती दीड फुटाच्या झुडुपात पाहावयाची कोठे? खोडच नाही तर दालचिनीचा रंग पानांच्या दाटीत लपून जातो. अतिठेंगण्या वाणांत संकराचा एक हेतू सिद्धीस गेला आणि दुसरा त्याच्याच पायाखाली गेला, ही गोष्ट प्रशंसेच्या भरात बहुतेकांच्या नजरेतून सुटली आहे.

वंशाच्या अरुंदपणाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. क्रेप मर्टल छाट कलमांनी सहज वाढते. म्हणून प्रत्येक वाण हा एकाच रोपाचा लाखो ठिकाणी झालेला विस्तार असतो. शिवाय अमेरिकेतील संकरित वाणांतील फॉरिआयचा अंश मुख्यतः क्रीच यांनी एका बेटावरून आणलेल्या बियांच्या संततीतला आहे. भुरीविरुद्ध हा वारसा पुरला. परंतु २००४ मध्ये टेक्सास राज्यात या झाडांवर आशियातून आलेली एक खवले कीड आढळली. तिच्या मधासारख्या स्रावावर काळी बुरशी वाढते आणि ज्या सालीचे एवढे कौतुक, ती काजळ फासल्यासारखी दिसू लागते. ती कीड तेव्हापासून दक्षिणेतील अनेक राज्यांत पसरली. भुरीसाठी केलेल्या निवडीने तिच्याविरुद्ध आपोआप संरक्षण मिळावे अशी अपेक्षा करणे चूक ठरेल. पण प्रजातीत डझनावारी जाती असता दोहोंवरच एवढा भार टाकणे शहाणपणाचे होते काय, हा प्रश्न उरतो. अलीकडे मिसिसिपीतील संशोधकांनी इंडिकाचा संकर ताम्हणाशीही केला आहे. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

राष्ट्रीय वृक्षोद्यानाचे हे वाण एकस्वाच्या बंधनावाचून रोपवाटिकांना देण्यात आले होते. नंतर आलेल्या खाजगी वाणांची नावेच दुहेरी असतात. ‘व्हिट टू’ हे एका वाणाचे खरे नाव; दुकानात तो ‘डायनामाइट’. ‘गॅमाड वन’ हा ‘चेरी डॅझल’. एकस्वाची मुदत वीस वर्षांनी सरते, व्यापारी नाव मात्र मालकाकडेच राहते. आणि खरे नाव मुद्दाम उच्चारास अवघड ठेवले की मुदत सरल्यावरही ते कोणाच्या तोंडी बसत नाही. शास्त्रीय नोंदीच्या दृष्टीने ही शुद्ध गैरसोय होय.

हे सर्व ताम्हणाच्या संदर्भात आपल्याला विचारात घ्यावे लागणार आहे. कोकणातील ओढ्याकाठी वैशाखात जांभळ्या तुऱ्यांनी भरून जाणारा हा वृक्ष शहरांतील रस्त्यांवर विजेच्या तारांखाली लावला जातो, आणि तेथे दरवर्षी त्याचे मुंडण होते. तेव्हा दुभाजकासाठी बुटके ताम्हण निर्माण करावे ही कल्पना कोणाला सुचली तर ती समजण्यासारखी आहे. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता यांच्या चाचण्या सांगितल्या आहेत. पण शोभेच्या वृक्षात स्थिरता म्हणजे काय, तर दहाव्या वर्षी ते झाड कसे दिसते हेही तीत आले पाहिजे. म्हणून अशा रोपांची नोंद ठेवताना उंचीच्या रकान्याशेजारी वयाचा, जमिनीचा आणि छाटणीचा असे तीन रकाने असावेत; मातृवृक्ष एकाच ओढ्याकाठचे नसावेत; आणि पहिल्या वर्षी फुललेल्या रोपाला, त्याचा रंग कितीही मनोहर असो, नाव देण्याची घाई करू नये. फुलांखाली दिसणाऱ्या खोडासाठी निदान चार-पाच फुटांची उघडी जागा राहील इतपतच ठेंगणेपणा पत्करावा, असे माझे मत आहे. त्याहून बुटके झुडूप हवे असेल तर आपल्या रानात धायटी आहेच. ती मुळातच झुडूप आहे आणि शेंदरी फुलते.