अज्ञान नेमके कोणाचे?

उधवा हे तलासरी तालुक्यातले, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळचे गाव. भात, नागली, वरी ही इथली धान्ये. भात कापणीला येते तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो, हे इथल्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. कापलेले पीक भिजले आणि नीट वाळले नाही, तर बुरशी ठरलेली. अशा वेळी ‘बुरशी आलेले अन्न खाऊ नये’ एवढे सांगून शिक्षकाचे काम संपते का? हा प्रश्न मनात ठेवून आम्ही एक जुना शोधनिबंध पुन्हा वाचला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी, भट आणि सहकाऱ्यांचा हा निबंध १९७५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीची साथ आली. रुग्णांच्या पोटात झपाट्याने पाणी साठत होते. ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. मूळ सापडले मक्यात. त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार केले होते.

निबंधाचा तर्क वर्गात मांडावा इतका स्वच्छ आहे. कावीळ म्हटली की आधी विषाणूचा संशय येतो. पण इथे रोग अनेक गावांत जवळजवळ एकाच वेळी उद्भवला, तोही मका खाणाऱ्या घरांतच. आणि तेच अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली. मग मक्याची तपासणी झाली. किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम विष आढळले. रोज ४०० ग्रॅम मका पोटात जातो असे धरले तर रोजचे विष किती, हे गणित मुलांना घालावे. उत्तर अडीच ते सव्वासहा मिलिग्रॅम येते. निबंधाचा अंदाजही २ ते ६ मिलिग्रॅमचाच आहे. आज भारतात धान्यासाठी ठरवलेली मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तो मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता.

आमचा आक्षेप कारणांच्या यादीला आहे. कापणीआधीचा अवकाळी पाऊस, सततचा दुष्काळ, साठवणुकीची अपुरी सोय आणि बुरशीच्या धोक्याविषयीचे अज्ञान, अशी चार कारणे निबंध देतो. पहिल्या तिन्हींबद्दल वाद नाही. चौथे मात्र जपून वाचावे लागते. काळा-हिरवा पडलेला, कुबट वासाचा दाणा खराब आहे हे शेतकऱ्याला कळते. पण दुष्काळी वर्षात कणगीत दुसरे धान्यच नसेल, तर त्या कळण्याचा उपयोग काय? भूक आणि अज्ञान एकाच रकान्यात टाकले की उपाय म्हणून फक्त उपदेश उरतो.

लेखकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बुरशी दिसते, विष दिसत नाही. त्याला रंग नाही, चव नाही. नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने ते पुरते नष्टही होत नाही. बुरशी असूनही विष नसेल, आणि बुरशी झटकून टाकली तरी विष उरेल. नेमके प्रमाण कळायला प्रयोगशाळाच हवी. तिथे अर्क काढून त्यातील घटक वेगळे केले, की अतिनील प्रकाशात हे विष निळे किंवा हिरवे चमकते. त्यातही पोत्यातले मोजकेच दाणे विषारी असू शकतात. मूठभर नमुना चुकीच्या जागेवरून घेतला तर अहवाल निर्दोष येतो. या अर्थाने अज्ञान सगळ्यांचेच आहे, आणि सरकारी मर्यादा ते दूर करत नाही. ती बाजारातल्या मालाला लागू होते, घरच्या कणगीला नाही.

दुसरी उणीव काळाची आहे. निबंध झटपट आलेले मृत्यू मोजतो. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेल्याने होणारा यकृताचा कर्करोग त्याच्या कक्षेत येत नाही. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीरात असेल तर हा धोका सुमारे तीस पट वाढतो, असा अंदाज अन्न व आरोग्यविषयक जागतिक संघटनांच्या तज्ज्ञ समितीने १९९८ साली दिला. म्हणून त्या काविळीची लस हाही बुरशीविरुद्धचाच एक उपाय ठरतो.

उधव्याच्या वर्गात याचे काय करायचे? प्रथम, घाबरवू नये. भातात हे विष सहसा मक्या-भुईमुगाइतके होत नाही. पण वाळवणीचा नियम सर्वांना सारखाच. एक प्रयोग करावा. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश धान्य आणि दोन चमचे वाळवलेले मीठ घालून मिनिटभर हलवावे, पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे. ते साठवण्याजोगे नाही, अजून वाळवायला हवे. ही परीक्षा विषाची नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगावे.

आणि एखाद्या मुलाने विचारले, ‘गुरुजी, घरात तेवढेच धान्य असेल तर?’ तर त्याला अज्ञानी समजू नये. २००४ साली केनियात बुरशीच्या मक्यानेच सव्वाशे माणसे दगावली. निबंध निघून तेव्हा जवळजवळ तीस वर्षे झाली होती. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर रेशनच्या धान्यात, ताडपत्रीत आणि कोरड्या कोठारात आहे. तेही विज्ञानाच्या तासाला बोलले गेले पाहिजे.